आधीची टाळी

१

शनिवारी संध्याकाळी आम्ही स्पेनला जायचो.

हे वाक्य माझं नाही, प्रबोधचं आहे. प्रबोध माझा मित्र. परदेशात आपल्या भाषेतलं जे माणूस सर्वांत आधी हाताला लागतं, त्याला मित्र म्हणायची पद्धत आहे, त्या अर्थानं मित्र. कंपनीनं त्याला वर्षभर सेव्हिलला धाडलं होतं आणि परत आल्यापासून तो सिंगापूरमध्ये राहतच नव्हता, फक्त आंग मो किओच्या फ्लॅटवर झोपायला यायचा. बाकी वेळ तो आम्हाला सेव्हिल सांगायचा.

“निश्या, तिथे अख्खी संध्याकाळ एका बारमध्ये काढत नाहीत रे. एकात ऑलिव्ह, दुसऱ्यात मासे, तिसऱ्यात गाणं. आणि सगळं उभ्या उभ्या. कोणी खुर्चीत बसतच नाही.”

“खुर्च्या कमी असतील,” मी म्हणालो.

माझी बायको भावना हसली नाही. हल्ली ती माझ्या बोलण्यावर हसत नसे. प्रबोधकडे मात्र गाल तळहातावर टेकवून बघत असे. सेव्हिलच्या गल्ल्यांत दोन्ही बाजूंना संत्र्यांची झाडं आहेत, हे त्यानं किमान वीस वेळा सांगितलं असेल, आणि दर वेळी ती “संत्र्यांची?” असं नव्यानं विचारायची.

आम्ही जायचो तो बार हार्बरफ्रंटला होता, भावनाच्या ऑफिसपासून चालत जाण्याइतका जवळ. जुनं गोदाम रंगवून केलेला. नाव स्पॅनिश, मालक चिनी, वेटर फिलिपिनो, आणि ‘ओले’ म्हणून ओरडणारे आम्ही, सेरंगून आणि आंग मो किओचे मराठी लोक. शनिवारी उन्हं कलायच्या आत गाण्याचा पहिला कार्यक्रम असायचा. बाहेर फेरीबोटींचे भोंगे, आत तळलेल्या माखलीचा वास. संगीत म्हणून जे काही व्हायचं त्यात एक गिटारवाला होता, दाढ उपटत असल्यासारखा चेहरा करून गाणारी एक बाई होती, आणि लाकडी खुर्चीवर बसलेला एक सुकलेला म्हातारा होता. तो फक्त टाळ्या वाजवायचा.

“ह्याचा पगार मिळतो त्याला?” मी पहिल्याच दिवशी विचारलं.

“त्याला पाल्मास म्हणतात,” भावना म्हणाली. “फार अवघड असतं ते.”

आमच्याकडे आरतीला सगळी आळी हे अवघड काम फुकट करते, असं मी म्हणालो. तेव्हाही ती हसली नाही.

हेडफोन तपासणं हा माझा धंदा आहे. दिवसभर मी आवाज ऐकतो आणि त्यात काय खोटं आहे ते सांगतो. त्यामुळे आवाजानं भारावून जाणारी माणसं मला हलवायाच्या दुकानाबाहेर उभ्या राहिलेल्या पोरांसारखी वाटतात. त्या बारमधल्या माणसांना आवाज म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. डोळे मिटून माना हलवल्या की झालं.

मी भिंतीकडच्या खुर्चीत बसून त्यांची गंमत बघायचो. खरं तर तेवढ्यासाठीच जायचो.

२

एका शनिवारी गाणं ऐन रंगात आलेलं असताना म्हाताऱ्यानं पाण्याची बाटली उचलली. एका हातात बाटली, दुसऱ्यात झाकण. मान मागे टाकून तो सावकाश पाणी प्यायला.

टाळ्या चालूच होत्या.

मी आधी गाणाऱ्या बाईकडे बघितलं. तिनं दोन्ही मुठींत झग्याचा घोळ धरला होता. गिटारवाल्याचे हात गिटारवर. टेबलांवरची माणसं तोंडं उघडी टाकून बसलेली, कोणाचा हात काट्यावर, कोणाचा ग्लासवर. म्हाताऱ्यानं झाकण लावलं, बाटली खाली ठेवली, आणि चालू टाळ्यांत असा मिसळला की जणू थांबलाच नव्हता.

मला आनंद झाला, हे सांगायला हवं. रेकॉर्ड लावतात तर! दर शनिवारी अस्सल म्हणून जे गिळत होते ते सगळे फसले होते, आणि ते फक्त माझ्या लक्षात आलं होतं. प्रबोधला लगेच सांगावं असं वाटलं, पण असली चीज जपून वापरायची असते. मी पुढच्या शनिवारपर्यंत थांबलो आणि त्या दिवशी मुद्दाम स्टेजला लागून असलेलं टेबल धरलं.

जवळून ऐकल्यावर भलतंच निघालं.

टाळ्या जोडीनं येत होत्या. एक दबकी, सुकी. तिला लागून म्हाताऱ्याची मोठी. दोन्हींत अंतर इतकं कमी की सवय नसलेल्या कानाला एकच वाटावी. मला ते अंतर रोज ऐकावं लागतं. भिंतीवर आपटून परत येणारा आवाज असा येतो, मोठ्यामागे लहान. इथे लहान आधी होती.

प्रतिध्वनी आधी येत नाही. हे शाळेतल्या मुलालाही माहीत असतं.

मी म्हाताऱ्याकडे निरखून बघितलं. त्याचं लक्ष गिटारवाल्याकडे नव्हतं आणि गाणाऱ्या बाईकडेही नव्हतं. त्यानं मान किंचित मागच्या भिंतीकडे कलती केली होती. वर्गात मागच्या बाकावरचा मुलगा उत्तर सांगत असताना पुढचा जसा मान न वळवता ऐकतो आणि लिहीत जातो, अगदी तसा तो बसला होता.

३

गाण्याच्या एका तुकड्याचा मी फोनवर व्हिडिओ घेतला होता. सोमवारी ऑफिसात त्यातला आवाज स्क्रीनवर उलगडला. प्रत्येक मोठ्या उंचवट्याच्या आधी एक लहान उंचवटा, जणू मोठ्याला हाताला धरून आणणारा.

शेजारी बसणाऱ्या नरेशला बोलावून दाखवलं. नरेश हुशार आहे, म्हणजे आमच्या मजल्याच्या मानानं.

“फाइल उलटी लावलीयस तू,” तो म्हणाला.

“उलटी लावली तर गाणंही उलटं येईल ना?”

“तिला ते कळणार आहे का?” व्हिडिओतल्या गाणाऱ्या बाईकडे बोट दाखवत तो म्हणाला. मग त्यानं हेडफोन लावले, दोनदा ऐकलं, आणि काढताना कान चोळला. “कुठेतरी मागे स्पीकर आहे. त्यातून आधी सोडतात. बस्स.”

मलाही तेच हवं होतं. शनिवारी मी सगळ्यांच्या आधी पोचलो आणि स्टेजभोवती फिरलो. स्पीकर दोनच होते, दोन्ही पुढे, टेबलांकडे तोंड करून. मागे लाल पडदा आणि पडद्यामागे गोदामाची जुनी वीटकामाची भिंत. बाहेर जाऊन इमारतीला वळसा घालून बघितलं. तीच भिंत, तिच्या पायाशी सिमेंटचं गटार, गटाराला लागून रस्ता. बस येऊन थांबत होती. उतारू माझ्याकडे बघत होते.

बारचा मॅनेजर एक गुबगुबीत चिनी तरुण होता. मी त्याला विचारलं, स्टेजच्या मागे काय आहे?

“बिहाइंड? नथिंग, सर. वॉल, देन ड्रेन, देन रोड.” तो मला नीट बघून घेत म्हणाला, “व्हाय? टू लाउड, इज इट? आय शिफ्ट यू टु बॅक टेबल, कॅन.”

नको म्हणालो. असल्या माणसांना समजावण्यात अर्थ नसतो.

त्या संध्याकाळी आम्ही एमआरटी मेट्रोनं घरी परतताना मी भावनाला विचारलं. जरा चिडवायचाच विचार होता.

“त्या म्हाताऱ्याच्या टाळीच्या आधी एक टाळी वाजते. लक्षात आलं का तुझ्या?”

ती खिडकीच्या काचेत स्वतःकडे बघत होती. “हो. मागून येते ती.”

“म्हणजे तुला ऐकू येते?”

“सगळ्यांनाच येते, निशी. तिच्यामागूनच वाजवायचं असतं. नाहीतर ताल कसा धरणार?” मग माझ्याकडे वळून, लहान मुलाशी बोलावं तशी म्हणाली, “तू आज ऐकलीस होय?”

४

तोवर ती टाळ्या शिकायला लागली होती. प्रबोध शिकवायचा. तळहात खोलगट धरून दबकी टाळी, बोटं तळव्यावर मारून खणखणीत टाळी. सेरंगूनच्या आमच्या फ्लॅटमध्ये, कुकरच्या शिट्ट्यांच्या मधे, शिपिंग कंपनीतली एक शिकलीसवरलेली बाई ओट्यापाशी उभी राहून टाळ्या पिटायची. आमची मुलगी जाई गृहपाठ करता करता ओरडायची, “आई, सो नॉइझी लाह!” मी टीव्हीचा आवाज वाढवायचो.

मग एके दिवशी जाई ओरडायची थांबली. मला वाटलं, भावनाचा नाद सुटला. प्रबोधचं खूळ ते, किती दिवस टिकणार? मी मनातल्या मनात स्वतःला शाबासकी दिली आणि टीव्हीचा आवाज कमी केला.

रविवारी ती ज्वारीच्या भाकरी करायची. तिचं माहेर बार्शीचं. बाकी काहीही म्हणा, भाकरी तिच्यासारखी कोणी थापत नाही. त्या रविवारी सकाळी मी पेपर वाचत बसलो होतो आणि बराच वेळ काहीतरी चुकतंय असं वाटत राहिलं. पंखा फिरत होता. खाली कुणाच्या तरी ट्रॉलीचा खडखडाट चालला होता. तव्यावर पाण्याचा थेंब चर्र झाला. सगळं होतं.

मी उठून स्वयंपाकघराच्या दारात गेलो.

ती भाकरी थापत होती. परातीत पीठ भुरभुरलेलं, गोळा तिच्या तळव्याखाली गोल गोल सरकत मोठा होत चाललेला. हात उचलला जात होता, पडत होता. पीठ उडत होतं. बांगड्या किणकिणत होत्या.

थाप ऐकू येत नव्हती.

मी तिथेच उभा राहिलो. डोक्यात पहिल्यांदा आलं ते माझ्या कानांविषयी. आवाजांचा एक पट्टा ऐकू यायचा बंद झाला असेल, असं होतं, वय होतं. पण बांगड्या त्याच पट्ट्यातल्या होत्या आणि त्या लख्ख ऐकू येत होत्या.

“भावना, टाळी वाजव.”

तिनं माझ्याकडे बघितलं, पिठाचे हात झटकले आणि टाळी वाजवली. तळवे एकमेकांवर आपटले, पिठाचा लहानसा ढग उठला. बस. जाड काचेपलीकडचं दृश्य बघावं तसं.

“कधीपासून?”

“झाले काही दिवस.”

“आणि तू मला बोलली नाहीस?”

“बोलून?” तिनं भाकरी उचलून तव्यावर टाकली. “तू स्क्रीनवर उंचवटे दाखवले असतेस.”

“तुला भीती वाटत नाही?”

तिनं भाकरीला पाणी फिरवलं. मग माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाली, “लग्नापासून आजतागायत माझ्या एका तरी गोष्टीला तू दाद दिलीस का रे? माझ्या प्रमोशनला, माझ्या गाण्याला, ह्या भाकरीला? कशालाच नाही. कोणीतरी माझ्या टाळ्या ठेवून घेतल्यात. म्हणजे निदान कुणाला तरी त्या हव्या होत्या. शनिवारी मी तिथे बसते तेव्हा त्या मला ऐकू येतात. भिंतीतून. मला ओळखता येतात. छान वाजतात.”

हे सगळं ती अगदी शांतपणे बोलली. माझ्याशी बोलायचाही तिला कंटाळा आला होता, हे मला त्या क्षणी कळलं. कंटाळा म्हणजे कमी सांगितलं. मी ज्या नजरेनं प्रबोधकडे बघायचो ती नजर मला ओळखता येते, आणि भावना वळली तेव्हा ती माझ्यावर होती.

भाकरी फुगली. आम्ही जेवलो.

५

दुसऱ्या दिवशी मी प्रबोधला गाठलं, त्याच्या ब्लॉकखालच्या कॉफीशॉपमध्ये. दुपारची वेळ. शेजारच्या टेबलावर म्हातारे पेपर वाचत होते. मी काय बोलणार हे त्याला माहीत असावं, कारण त्यानं मला बसू दिलं आणि हसून माझ्या पाठीवर थाप मारली.

थाप लागली. जोरात लागली, कॉफी हिंदकळली. आवाज आला नाही.

“तुझ्या पण?” मी म्हणालो.

“माझ्या टाळ्या सेव्हिललाच राहिल्या रे. नदीपलीकडे एक बार आहे, दोन माणसं शेजारी उभी राहिली की भरतो एवढासा. भिंतीला पाठ टेकून उभा होतो. गाणं सुरू होतं आणि मी टाळ्या वाजवत होतो. अशी संध्याकाळ, निश्या...” त्याचे डोळे पाणावले. असली माणसं कुठेही रडतात. “घरी येताना लक्षात आलं.”

“मग इथे कशाला येतोस? आम्हाला कशाला घेऊन येतोस?”

“इथल्या भिंतीतून माझ्या ऐकू येतात. का, ते मला काय माहीत?” त्यानं कॉफी ढवळली. “तू कशाला घाबरतोस? तू कधी टाळी वाजवली नाहीस तिथे. वाजवणारही नाहीस. तुला काही होत नाही.”

हे त्यानं कीव करून म्हटलं. प्रबोधनं. माझी.

मी तडक हार्बरफ्रंटला गेलो. बार अजून उघडायचा होता. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या, फरशीला फिनेलचा वास. मॅनेजरनं मला ओळखलं. मी म्हणालो, शनिवारी काहीतरी विसरलोय, बघू का? तो म्हणाला, “कॅन, कॅन,” आणि आत बर्फाच्या मशीनकडे गेला.

स्टेजमागचा लाल पडदा धुवायला काढलेला होता. वीटकामाची भिंत उघडी. खाली, फरशीला लागून, एक लोखंडी जाळी होती, जुन्या गोदामांत हवेसाठी असते तशी. बाहेरच्या बाजूनं मी ती भिंत बघितली होती. तिथे जाळी नव्हती. माझा हात कोपरापर्यंत आत जाईल एवढी त्या भिंतीची जाडी नव्हती. पलीकडे गटार होतं, रस्ता होता, बस थांबत होती.

मी गुडघे टेकले, गाल फरशीला लावला आणि फोनचा दिवा जाळीतून आत सोडला.

जाळीच्या पट्ट्यांमुळे उजेडाचे तुकडे पडले. आधी नुसती लांबी दिसली, भिंतीच्या जाडीत मावणार नाही इतकी. मग गुडघे. खुर्च्यांवर बसलेल्या माणसांचे, ओळीनं, माझ्याकडे तोंड केलेले. गुडघ्यांच्या वर उजेड पोचत नव्हता आणि मी तो पोचवायचा प्रयत्न केला नाही. प्रत्येकाच्या मांड्यांवर दोन हात. नुसते ठेवलेले. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी हात जसे असतात तसे.

एका जोडीत हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या आणि मनगटावर तव्याचा जुना चटका. तो चटका लागला तेव्हा मी शेजारीच उभा होतो. मी त्या हातांकडे बघत राहिलो. त्यांना काही दुखत असावं असं वाटत नव्हतं. उलट मला घरी कधी दिसले नव्हते इतके ते सैल, निवांत होते.

त्यांच्या शेजारची जोडी मात्र निवांत नव्हती. उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर तडतड वाजत होती, करंगळीपासून अंगठ्याकडे, पुन्हा करंगळीपासून. कोणी मूर्खासारखं लांबण लावलं की मीटिंगमध्ये माणूस करतो तसं. करंगळी वाकडी होती. लहानपणी क्रिकेटचा चेंडू लागून वाकडी झालेली, नीट न बसवलेली.

मी फोन धरलेल्या माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. मग पुन्हा आत.

बोटं तडतडायची थांबली. हात सावकाश उताणा झाला आणि तसाच, उघडा, थांबून राहिला.

“सर, यू फाइंड ऑलरेडी?” मॅनेजर मागून म्हणाला.

६

त्यानंतर मी तिथे गेलो नाही. भावना जात राहिली. मी तिला अडवलं नाही. कशाच्या जोरावर अडवणार होतो? मी एवढंच ठरवलं की टाळी वाजवायची नाही. इतकं सोपं होतं. माझ्यासारख्या माणसाला त्यासाठी काही वेगळं करायचंही नव्हतं. ऑफिसात कुणाचा सत्कार झाला, मी हात खिशात घातले. कुणी काही म्हणालं नाही, कारण माझ्याकडून कुणाची तशी अपेक्षाच नव्हती.

मग जाईच्या शाळेचा कार्यक्रम आला.

असले कार्यक्रम म्हणजे शिक्षा असते. सगळे आईबाप फोन उंच धरून बसलेले, स्टेजवर एकामागून एक पोरं वाद्यांचे हाल करतायत, आणि प्रत्येक हाल संपला की हॉल दणाणून जातोय. भावना माझ्या शेजारी बसली होती आणि दर वेळी इतरांबरोबर टाळ्या वाजवत होती. तिच्या बाजूनं काही येत नव्हतं. एवढ्या गोंगाटात ते माझ्याशिवाय कुणाला कळणार?

जाई शेवटी आली. व्हायोलिन. महिनाभर घरात ती एकच धून घासत होती आणि मी खोलीचं दार लावून घेत होतो. सुरुवात बरी झाली. मग मध्येच तिचा गज घसरला, एक सूर किंचाळला, आणि ती थांबली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा त्याच जागी अडलं. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. जाईनं व्हायोलिन खाली केलं आणि कमरेत वाकून नमस्कार केला, धून अर्धीच सोडून. संपली की नाही ते लोकांना कळेना. फोन हवेत तसेच थांबले. कुणी हललं नाही.

तिनं आम्हाला शोधलं.

भावना टाळ्या वाजवू लागली. जाईला ते दिसलं. आईचे हात हलतायत आणि तिच्यापर्यंत काहीच येत नाहीये, हे तिला दिसलं. तिच्या कपाळावर एक आठी पडली. मग ती माझ्याकडे बघायला लागली. बाकी सगळा हॉल सोडून माझ्याचकडे. माझ्याकडे आतापर्यंत कुणी असं बघितलेलं नाही. मी काहीतरी देईन, अशी खात्री असल्यासारखं.

तिनं वाईट वाजवलं होतं, हे मला त्या क्षणीही माहीत होतं. ते मी नाकारत नाही.

मी हात खिशातून काढले.

खणखणीत टाळी ऐकू आली. आणि मग माझे तळवे एकमेकांना भिडले.

त्या एका टाळीनं हॉल जागा झाला. मागून कुणीतरी वाजवली, मग त्याच्या मागून सगळ्यांनीच. टाळ्यांचा नुसता पाऊस पडला. त्यात मी वाजवत राहिलो, जोरजोरात, तळवे लाल होईपर्यंत. माझी दुसरी टाळी वाजली नाही. तिसरीही नाही. स्टेजवर जाई हसत होती, पडलेल्या दाताच्या जागेसकट.

भावनानं माझा हात धरला. कितीतरी दिवसांनी धरला. तिचा तळवा कोमट होता.

“इतकंच असतं,” ती माझ्या कानाशी म्हणाली. “आता शनिवारी चल.”

मी काहीतरी बोलायला गेलो. प्रबोधविषयी काहीतरी, किंवा ह्या हॉलविषयी. नेहमी जिभेवर तयार असतं तसलं काही तरी सुचेल म्हणून थांबलो. सुचलं नाही.

दिवे लागले. जाई गर्दीतून वाट काढत, व्हायोलिनची पेटी पायांवर आपटत आमच्याकडे धावत आली. तिनं पेटी खाली टाकली आणि हात उंच केला, तळवा माझ्याकडे करून.

“बाबा! हाय फाइव्ह!”

मी हात मागे घ्यायला हवा होता. पण इतक्या जवळून ती इतकी आनंदात होती, की तो आपोआप वर गेला. तिनं उडी मारून सगळा जीव एकवटून तळवा माझ्या तळव्यावर हाणला.

ती खाली आली. स्वतःच्या हाताकडे तिनं बघितलं, उलटा करून बघितला, मग माझ्याकडे.

“अगेन, बाबा,” ती म्हणाली. “दॅट वन नो साउंड लाह.”